शिम्पाकुची डावी फांदी: हिरव्या पानांआड चाललेल्या मूळकुजीचं प्रकरण

या प्रकरणातलं झाड म्हणजे शिम्पाकुचं बोन्साय. शिम्पाकु हा चिनी ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचा एक प्रकार. त्याची पानं टोचत नाहीत, बारीक खवल्यांसारखी डहाळीला चिकटून बसलेली असतात, आणि झाड जोमात असलं की त्यांचे दाट, मऊ पुंजके तयार होतात. हे झाड वळणदार खोडाचं. पुढच्या बाजूला साल नसलेल्या पांढऱ्या लाकडाची पट्टी, जिला बोन्सायवाले शारी म्हणतात. डावीकडे खाली एक मोठी फांदी, उजवीकडे थोडी वर दुसरी, आणि वर माथा. मालक माझ्या ओळखीतले एक काका, झाडांच्या बाबतीत कमालीचे नियमित. झाड बरीच वर्षं त्यांच्याकडे आहे आणि कायम उघड्यावर, उन्हात आहे. हे आधीच सांगते, कारण ज्युनिपर खंगला की पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: घरात ठेवला होता का? ज्युनिपरला भरपूर थेट ऊन, खेळती हवा आणि वर्षातून काही काळ थंडीची विश्रांती लागते. दिवाणखान्यातल्या टेबलावर तो काही महिने छान दिसतो, पण तो जगत नसतो, सावकाश मरत असतो. इथे तो प्रश्न नव्हता.

उन्हाळा संपत आला तेव्हा काकांना डावी फांदी जरा मळकट वाटली. पिवळी नव्हती, तपकिरीही नव्हती, फक्त तिच्यावरची चमक गेली होती. ऊन जास्त झालं असेल असं समजून त्यांनी पाणी वाढवलं, दिवसातून एकदा द्यायचे ते दोनदा देऊ लागले. फरक पडेना, तेव्हा खत कमी पडत असेल म्हणून पातळ खत सुरू केलं. मग बेचक्यांमध्ये बारीक जाळी दिसली, कोळी (पानांचा रस पिणारी अगदी बारीक कीड) आला असं धरून फवारणी केली. शरद ऋतूत डाव्या फांदीच्या डहाळ्या पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"अगं, रोज पाणी घालतो मी. एक दिवस चुकलेला नाही," ते म्हणाले. "कुंडीत राहून राहून म्हातारं झालं असेल का?"

वयाचा संशय मी लगेच बाजूला ठेवला. नीट सांभाळलेला ज्युनिपर कुंडीत माणसाच्या आयुष्याइतका काळ सहज काढतो. जॉन नाका यांनी 1948 मध्ये सुरू केलेली 'गोशिन' ही फोमिना ज्युनिपरांची राई बोन्साय करणाऱ्या बहुतेकांना माहीत असते. त्या एका उथळ ट्रेमध्ये 11 झाडं आहेत. नाकांनी ती 1984 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बोन्साय फाउंडेशनला दिली. काकांचं झाड त्या मानाने तरुणच होतं.

रंग उशिरा बोलतो

ज्युनिपरच्या पानांवर मेणासारखा थर असतो, एकेक पान अगदी लहान असतं आणि त्यातून पाणी फार हळू उडतं. छाटलेली शिम्पाकुची डहाळी बाकावर पडून राहिली तर तिला ना मूळ, ना पाणी, तरी ती कितीतरी दिवस हिरवीगार दिसते. कुंडीतल्या झाडाचंही तसंच आहे. मुळं कामातून गेल्यावर पानांवर त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, थंडीच्या दिवसांत तर काही महिनेही. "परवापर्यंत चांगलं होतं, अचानक तपकिरी झालं" असं लोक मला सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना दिसलं तेव्हाच ते घडलं, एवढा एक समज मात्र चुकीचा असतो. पूर्ण तपकिरी झालेला ज्युनिपर बहुतेक वेळा खूप आधीच गेलेला असतो, आणि त्या टप्प्यावर करण्यासारखं काहीच उरत नाही.

म्हणून मी रंगाआधी शेंडे बघते. वाढीच्या दिवसांत धडधाकट शिम्पाकुच्या प्रत्येक पुंजक्याच्या कडेला पोपटी, किंचित लांबट टोकं बाहेर आलेली दिसतात. जुन्या पानांच्या गडद हिरव्यावर ती लांबूनही ओळखू येतात. हंगाम वाढीचा असून ही टोकं नसतील, सगळा पुंजका एकाच सपाट छटेचा असेल आणि टोकं आखडून मिटल्यासारखी दिसत असतील, तर झाड थांबलेलं आहे. तेव्हा ते हिरवं असतं, मालकाला काही जाणवत नाही, पण उपाय करायची खरी वेळ तीच. त्यानंतर चमक जाते आणि हिरव्यात राखाडी किंवा मातकट छटा मिसळते. मग पान हाताला कोरडं, ठिसूळ लागतं आणि हलकेच चोळलं तर खवले गळतात. पिवळं आणि तपकिरी हे सगळ्यात शेवटी.

काही बदलांना घाबरायचं कारण नसतं, तेही ओळखता यायला हवेत. कडक थंडीत उन्हाकडची पानं तांबूस-जांभळट होतात आणि हवा ऊबदार झाली की पुन्हा हिरवी होतात. शरदात पुंजक्यांच्या आतली, सावलीत गेलेली जुनी पानं पिवळी होऊन गळतात, तेही नैसर्गिक. फक्त ते सगळ्या झाडावर साधारण सारखं व्हायला हवं, आणि बाहेरची टोकं टवटवीत हवीत. काकांच्या झाडावर एकाच फांदीची पानं पिवळी पडत होती, आणि ती आतून बाहेरपर्यंत. उजवीकडे असं काही नव्हतं.

शेंडे मात्र उजवीकडेही दिसेनात. चौकशी केली तेव्हा कळलं की पुंजके आटोपशीर दिसावेत म्हणून काका उन्हाळाभर जिथे नवा शेंडा दिसेल तिथे बोटांनी खुडत होते. ही सवय फार पसरलेली आहे आणि मला ती मनापासून खटकते. वाढत्या शेंड्यांतून जे संप्रेरक खाली उतरतं ते मुळांच्या वाढीला चालना देतं, आणि ज्युनिपरचा सगळा जोर त्याच्या पानांतच असतो. सगळे शेंडे सतत खुडले की मुळांची वाढ मंदावते, आणि खुडलेली टोकं वर तपकिरी होतात ती वेगळीच. मधून मधून लांब गेलेल्या मोजक्या डहाळ्या कात्रीने बेचक्यापासून कापाव्यात, बाकीच्या वाढू द्याव्यात. फांदीवर हिरवं काही उरलं नाही तर ज्युनिपर त्या उघड्या लाकडातून सहसा पुन्हा फुटत नाही, त्यामुळे कात्री चालवतानाही आत थोडी हिरवी डहाळी राखावी लागते. या झाडाच्या आजाराचं मूळ खुडण्यात नव्हतं. पण आजारी मुळांना नवी मुळं फोडायची ताकद लागली तेव्हा ती वरून मिळत नव्हती, एवढा वाटा खुडण्याचा नक्कीच होता.

एकच बाजू का?

कोणताही निदानाचा अंदाज बांधायच्या आधी मी स्वतःला हा प्रश्न विचारला, आणि पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी राहिली. जे कारण दोन्ही बाजूंना सारखं लागू पडतं, ते एका फांदीचं मरण समजावू शकत नाही.

आधी कोळी. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर टिचकी मारायची, पडलेल्या कणांकडे थोडा वेळ बघत राहायचं. धूळ असेल तर हलत नाही. बारीक ठिपके चालायला लागले की ते कोळी, आणि बोटाने पुसल्यावर तांबूस किंवा हिरवट रेघ उमटली की पानांचा रस पिणारे. डाव्या फांदीखाली थोडे ठिपके चालताना दिसले. इथेच बरेच जण थांबतात: सापडला कोळी, करा फवारणी. मी तोच कागद उजव्या फांदीखाली धरला. तिथेही तितकेच होते, आणि ती फांदी हिरवी होती. म्हणजे कोळी होता, त्याचा बंदोबस्तही करायला हवा होता, पण डावी फांदी त्याने मारली नव्हती. कोळ्याने पिलेल्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात आणि पूर्ण पुंजका धुरकट दिसतो. इथे ठिपके अगदी तुरळक होते.

मग करपा. फोमॉप्सिस नावाची बुरशी ज्युनिपरच्या कोवळ्या शेंड्यांवर येते. शेंडा टोकाकडून तपकिरी होतो आणि मेलेला भाग जिथे जिवंत भागाला भेटतो तिथे राखाडी पट्टा दिसतो. त्यावर भिंगातून काळे टिपके सापडतात. काकांच्या झाडावर टोकाची आणि आतली पानं बरोबरच निस्तेज झालेली, पट्टा कुठेच नाही. करपाही बाद.

फांदीला आकार देण्यासाठी गुंडाळतात त्या तारेचा वळ? डाव्या फांदीवर तार नव्हती, जुने वळही भरून आलेले. भिंतीची धग, किंवा एका बाजूला कायमची सावली? काका कुंडी ठरावीक काळाने फिरवायचे. कुत्रा-मांजर येऊन एकाच बाजूला लघवी करतं, त्यानेही फांदी जळते. झाड उंच स्टँडवर होतं, तीही शक्यता गेली.

उरलं खोड आणि मूळ. ज्युनिपरमध्ये पाण्याचे मार्ग बरेचसे स्वतंत्र असतात: एका बाजूचं मूळ प्रामुख्याने आपल्या वरच्याच फांदीला पाणी पुरवतं. डोंगरातले जुने ज्युनिपर बहुतांश खोड मेलेलं असूनही सालीच्या एका पट्टीवर हिरवे असतात ते यामुळेच. म्हणून फांदी खंगली की तिच्याखालून सालीची पट्टी धरून खाली उतरत जायचं. उजव्या फांदीखालची पट्टी फुगीर होती, शारीच्या कडेला तिची गोलाई हाताला लागत होती. डावीकडची चपटी पडलेली, एके ठिकाणी चक्क आत गेलेली. नखाने सालीचा अगदी बारीक तुकडा उचलला. उजवीकडे खाली ओला, ताजा हिरवट थर. डावीकडे फांदीच्या बुडाशी तो फिकट पिवळा, आणि जमिनीलगत तपकिरी. खालून वर मरत येत होतं.

आता कुंडी. वरची माती खडीसारखी, 3 ते 6 मिलिमीटरच्या दाण्यांची, आणि वरचा थर कोरडा. काकांचं म्हणणं बरोबरच होतं, पाणी घातल्यावर सकाळची ओल दुपारपर्यंत वरून दिसेनाशी व्हायची. पण कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघितली तर वरच्या कोरड्या मातीच्या मानाने ती फारच जड होती. एक लाकडी काडी कुंडीच्या कडेला खोचली. ती सहज आत गेली आणि जवळजवळ स्वच्छ, जराशी ओलसर बाहेर आली. तीच काडी खोडाच्या डाव्या बाजूला, मुळाच्या लगत खोचली तर वरच्या दाण्यांमधून खाली गेल्यावर काहीतरी चिकट लागलं. बाहेर काढताना तिला ओढ बसली, आणि टोकाला काळ्या चिखलाचा लेप होता. नाकाशी नेली तर आंबूस वास.

जुन्या मातीचा गोळा

कारण दोन वसंत मागचं निघालं. तेव्हा झाड खोल कुंडीतून या उथळ, झिलईच्या कुंडीत आलं होतं. ते काम करणाऱ्याने मुळांचा तळ आणि कडा मोकळ्या केल्या, नवी दाणेदार माती भरली आणि खोडाखालचा जुन्या चिकणमातीचा गोळा तसाच ठेवला. यात गैर काही नव्हतं. ज्युनिपरची सगळी मुळं एका वेळी उघडी करू नयेत. जुनी माती टप्प्याटप्प्याने काढायची असते, एका वेळी एक भाग, आणि उरलेला भाग झाड सावरल्यावर पुढच्या कुंडीबदलात. पण ते काम अर्धं आहे हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि वरून बघणाऱ्याला फक्त नवी, भुसभुशीत माती दिसत होती.

अशा कुंडीत पाणी दोन वेगळ्या तऱ्हेने वागतं. मोठ्या दाण्यांमधून ते झरझर जातं. चिकणमातीचा गोळा ते धरून ठेवतो, आणि त्याच्या बारीक छिद्रांतून ते आजूबाजूच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. त्यात कुंडी उथळ. पाणी निथळून गेल्यावरही मातीच्या तळाशी एक थर पाण्याने भरलेलाच राहतो. त्याची उंची दाण्यांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. खोल कुंडीत तो थर मुळांच्या खाली राहतो, उथळ कुंडीत तोच थर अर्ध्या मुळांना बुडवतो. म्हणजे जो गोळा जुन्या कुंडीत निभावून जात होता, तो नव्या, जास्त देखण्या कुंडीत घातक ठरला. वरची माती कोरडी बघून काका पाणी देत राहिले, गोळा कधी सुकलाच नाही, आणि हवेविना गुदमरलेल्या मुळांवर कुजवणारी बुरशी बसली. मुळं कमी झाली तसं झाड पाणी कमी उचलू लागलं, त्यामुळे गोळा आणखी ओला. मग पाणी दुप्पट झालं. कुजक्या मुळांना तर पाणी वरपर्यंत पोहोचवताच येत नाही. म्हणून मूळकुजीचं झाड वरून तहानलेलं दिसतं आणि मालकाचा हात आपोआप झारीकडे जातो. खताने त्यात भरच घातली: काम करणारं मूळ नसताना क्षार नुसते मातीत साठत राहतात.

खात्रीसाठी कुंडीतल्या बांधणीच्या तारा कापून झाड अलगद वर उचललं, माती न हलवता. उजवीकडे मुळांची टोकं मलईच्या रंगाची, टणक. डावीकडे गोळ्याच्या पोटात काळी मुळं होती. त्यातलं एक चिमटीत धरून ओढलं, तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात आलं आणि आत नुसता बारीक दोरा उरला. त्याच बाजूच्या निचऱ्याच्या भोकावरची जाळी गोळ्यातून सुटलेल्या गाळाने लिंपल्यासारखी झाली होती.

आता की वसंतात?

या प्रकरणात खरा विचार इथे करावा लागला. कुजलेली मुळं बघितल्यावर लगेच माती धुऊन, ती कापून, झाड नव्या मातीत लावावंसं वाटतं. काकांची इच्छाही तीच होती. पण शरद संपत आला होता. अशक्त झाडाची मुळं त्या वेळी मोठ्या प्रमाणावर कापली तर थंडीआधी नवी फुटायला वेळ नसतो, आणि उजवीकडची चांगली मुळंही दुखावली असती. उलट बाजूने, थंडीभर गोळा तसाच भिजत ठेवला तर कूज खोडापर्यंत जाण्याची भीती. सगळी मुळं कुजली असती तर मी तेव्हाच हात घातला असता, कारण मग वाचवण्यासारखं दुसरं काही उरलं नसतं. इथे अर्धं झाड सशक्त होतं. म्हणून ठरलं ते असं: कुंडीबदल वसंताच्या सुरुवातीला, आणि तोपर्यंत काहीही करून गोळ्यातलं पाणी कमी ठेवायचं.

भोकावरची जाळी बदलली. झाड तसंच परत बसवून घट्ट बांधलं. गोळ्यात पातळ काडीने उभी भोकं पाडून त्यांत बारीक प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे दाणे) भरलं, म्हणजे थोडी हवा तरी आत जाईल. मग कुंडीची एक बाजू लाकडी ठोकळ्यावर उचलली. उपाय दिसायला किरकोळ आहे, पण कुंडी तिरकी झाली की मातीच्या वरच्या आणि खालच्या टोकातलं अंतर वाढतं आणि एरवी तळाशी अडकून राहणारं बरंच पाणी खालच्या कडेच्या भोकातून निघून जातं. झाड वर छप्पर पण चहूबाजूंनी उजेड आणि वारा अशा जागी ठेवलं, म्हणजे पाऊस पडला तरी पाणी किती द्यायचं हे आपल्याच हातात राहतं. खत पूर्ण बंद. पाणी घड्याळावर द्यायचं नाही. काडी गोळ्यालगत कायमची खोचून ठेवायची आणि ती काढून बघून जवळजवळ कोरडी असेल तेव्हाच द्यायचं, दिलं की भोकातून वाहेपर्यंत. काकांना हे सगळ्यात जड गेलं. रोजचं पाणी हा त्यांच्या सकाळचा भाग होता. मी त्यांना त्या वेळेत पानांवर बारीक फवारा मारायला सांगितलं, माती भिजणार नाही इतकाच.

कोळ्यासाठी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरकस फवारा, मातीवर प्लास्टिक झाकून, आणि मग बागकामाचं तेल संध्याकाळच्या वेळी. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी वाचतात. गरम दिवसांत कोळ्याची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते, म्हणून 5 ते 7 दिवसांच्या अंतराने पुन्हा फवारावं लागतं. काकांची पहिली फवारणी एकदाच झाली होती, कोळी परत दिसला तो त्यामुळे.

डाव्या फांदीवर जे काही हिरवं होतं त्यातलं एक पानही काढू दिलं नाही. आजारी झाड "हलकं करायचं" म्हणून छाटणी करतात, पण ज्युनिपर अन्न बनवतो ते पानांतच, आणि बरंचसं साठवतोही तिथेच. नवी मुळं त्याच पानांच्या जिवावर येणार होती.

वसंत आणि त्यानंतर

थंडीत डावी फांदी टोकाकडून तपकिरी होत गेली. ते अपेक्षित होतं, पण काकांना रोज बघवेना. शारीच्या पलीकडे, उजव्या पट्टीवर काही बदल झाला नाही, माझं लक्ष तिकडे होतं.

कळ्या हलायला लागल्या तेव्हा झाड काढलं. काम फक्त डाव्या अर्ध्या भागावर. गोळा काडीने मोकळा करत, शेवटी पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढला. काळी, मऊ मुळं टणक, फिकट लाकूड लागेपर्यंत मागे कापली, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसून. खोडाला लागून, जवळजवळ मागच्या बाजूला, एक करंगळीहून बारीक मूळ जिवंत सापडलं. उजव्या भागाला हात लावला नाही, तिथली जुनी मातीही राहू दिली. मोकळ्या झालेल्या जागेत चाळलेली दाणेदार माती, भुकटी पूर्ण काढून. मग काडीने ती मुळांमध्ये नीट बसवली, पोकळी राहू दिली नाही. झाड तारांनी इतकं पक्कं बांधलं की खोड धरून उचललं तर कुंडीही उचलली जावी. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाशी तुटत राहतात. आणि या वेळी कुंडीच्या बुडाला खुणेची पट्टी चिकटवली: कुठला भाग झाला, कुठला बाकी, कुठल्या वसंतात.

पुढचे काही आठवडे उजेडाची सावली, वाऱ्यापासून आडोसा, पानांवर फवारा, काडी बघून पाणी. मग हळूहळू सकाळचं ऊन, आणि शेवटी पूर्ण. खत मात्र शेंडे स्पष्ट लांबलेले दिसेपर्यंत दिलं नाही.

पहिले पोपटी शेंडे माथ्यावर आले, उन्हाळ्याच्या तोंडावर, नंतर उजव्या फांदीवर. काकांनी ते न खुडता राहू दिले आणि झाड वर्षभर विस्कटलेलं दिसलं. डाव्या फांदीची बाहेरची सगळी लांबी गेली. खोडाजवळची एक छोटी डहाळी जगली, बहुधा त्या मागच्या बारीक मुळावर. तिच्यावर खवल्यांऐवजी टोचरी, सुईसारखी पानं आली. शिम्पाकु ताणाखाली असला किंवा जास्त छाटला गेला की असं बालपणीचं पान काढतो. काकांना तो नवा रोग वाटला. ती पानं काढायची नसतात, झाड सावरलं की पुढे खवल्यांची पानं येतात आणि सुया मागे पडतात. तसंच झालं, फक्त त्याला दुसरा हंगाम उजाडला.

मेलेली फांदी वर्षभर तशीच ठेवली. नेमकं कुठपर्यंत जिवंत आहे हे साल स्वतःच दाखवते, घाई केली तर जिवंत पट्टीत कात्री जाते. कड स्पष्ट झाल्यावर फांदीची साल सोलली, ती थोडी आखूड केली आणि लाकूड टिकवणारं आणि पांढरं करणारं लाइम सल्फरचं द्रावण लावून तिची जिन, म्हणजे साल नसलेली शोभेची मृत फांदी, केली. ती आता खालच्या शारीला जाऊन मिळते. जिवंत डहाळी तार लावून थोडी पुढे आणायची आहे, पण ती जोर धरेपर्यंत नाही.

उजव्या बाजूचा गोळा मधलं एक वर्ष सोडून पुढच्या वसंतात काढला. तिथे मुळं निरोगी होती आणि माती तितकीच चिकट. आणखी एखादं वर्ष राहिली असती तर तीच गोष्ट दुसऱ्या फांदीखाली झाली असती, असं मला वाटतं. आता संपूर्ण कुंडीत एकच माती आहे आणि पाणी दिल्यावर ती सगळीकडे सारखीच सुकते. पुढचा कुंडीबदल मुळं कुंडी भरतील तेव्हा, साधारण 3 ते 5 वर्षांनी. तोवर काकांना तीनच कामं दिली आहेत: काडी बघून पाणी, महिन्यातून एकदा दोन्ही फांद्यांखाली पांढरा कागद, आणि वाढीच्या दिवसांत शेंड्यांचे फोटो, दर वेळी त्याच जागेवरून, त्याच वेळी. या वर्षीचे फोटो त्यांनी पाठवले. त्यात शेंडे चारही बाजूंना आहेत, डावीकडे उजवीपेक्षा आखूड.